अर्धीच पाहिलेली झाडं

रविवार, २२ सप्टेंबर

प्रिय एव्हारिस्तो,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू चष्मा शोधायला लागला असशील. फोन असताना या कुस्तोदियोला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असंही बायकोला म्हणाला असशील. सांगतो. या महिन्यात तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा माझे गुडघे, यंदाची द्राक्षं, आपल्या शाळेतलं कोण कोण गेलं, सगळं तुला स्वच्छ ऐकू आलं. आणि फोंतिन्याचं नाव काढल्याबरोबर तुला ऐकू येईनासं झालं. ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय.’ आवाज तुटत नव्हता, लेका. चड्डीत होतास तेव्हापासून तुला ओळखतो मी. पत्राचा आवाज तुटत नाही, म्हणून हा खटाटोप. लुदोविनाने कॉफी करून दिलीय आणि मी लिहून उठेपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही असं कबूल केलंय. तूही तिकडे फ्रान्समध्ये दार लावून बस.

विषय तुला माहीत आहे. तुझ्या नातीला, सोलेनला, फोंतिन्याच्या रानात नोकरी हवी आहे. झाडांचं शिक्षण घेतलंय पोरीने, कॉर्कच्या झाडांवरच परीक्षेचा प्रबंध लिहिलाय, आणि जगात कुठे ही झाडं आपल्याइतकी आहेत? अर्ज भरून तयार आहे. तीस तारीख शेवटची. तू ‘तिथे नाही’ म्हणालास, एवढ्यावरून तो अर्ज तिच्या कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलाय. मला म्हणाली, ‘कुस्तोदियो आजोबा, मोटरसायकल मागितली तेव्हाही आजोबा मला नाही म्हणाले नव्हते. मग इथे काहीतरी असणारच. ते नाही म्हणाले तर मी अर्ज पाठवणार नाही.’ एवढा भरवसा आहे तिचा तुझ्यावर. मला त्या भरवशाचीच भीती वाटते.

ऑगस्टमध्ये ती आठ दिवस आमच्याकडे राहिली, हे तुला ठाऊक आहेच. पण तिने इथे काय काय केलं ते तिने सांगितलं नसेल. लग्नाआधी मुलाची चौकशी करतात, तशी तिने फोंतिन्याची कुंडली काढली. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून मला एकेक दाखवायची. मालक आता जुन्या मालकिणीच्या, दोना फेलिस्मिनाच्या, भाचीचा मुलगा आहे. माणसं किती वर्षं टिकतात, कुणी का सोडून गेलं, सरकारी तपासणीत काय लिहिलं, सगळं काढलं. तिथे काम केलेल्यांनी शेरेही लिहून ठेवलेत. एक म्हणतो, ‘मालक फार कमी बोलतो.’ दुसरा म्हणतो, ‘फोन लागत नाही, जेवण उत्तम.’ त्या दुसऱ्याला तिने शोधून काढून फोनही केला. मी म्हटलं, ‘अगं बाई, नोकरी करणार आहेस की दरोडा घालणार आहेस?’ तर म्हणते, ‘आजोबा, आयुष्याची काही वर्षं कुणाला द्यायची तर तो कोण आहे ते आधी बघायला नको?’ हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं, ते तुला सांगायला नको. शब्द वेगळे होते, एवढंच.

तुझे बाबा कसे शिकवायचे आठवतं? व्हेनान्सियो काकांची कुऱ्हाड म्हणजे सात गावांत नाव. त्यांनी आपल्याला दोन वर्षं तुमच्या अंगणातल्या वाळलेल्या ओंडक्यावर घासलं. काखेत पावाचा तुकडा धरायचा आणि घाव घालायचा. पाव पडला की कोपर बाहेर गेलं. आणि पडलेला पाव कोंबड्यांना. किती दिवस कोंबड्याच जेवल्या आपल्या वाटणीचं! मी डावरा, तू उजवा. ते म्हणायचे, ‘देवाने तुमची जोडीच करून पाठवलीय, झाडाच्या दोन बाजूंना दोघं उभे राहा आणि एकमेकांची डोकी तेवढी फोडू नका.’ दुपारी तुझी आई लसूण-कोथिंबिरीचं उकळतं पाणी शिळ्या पावावर ओतून वर अंडं सोडायची. मी अजून लुदोविनाला सांगतो, तसं नाही होत. ती अजून रागावते.

आणि तो त्यांचा धडा. ‘कुठल्याही मालकाकडे काम धरायच्या आधी मालकाला भेटू नका, त्याची झाडं बघा. मालक बोलून फसवेल, झाड फसवणार नाही.’ आधी खोडावरचा पांढरा आकडा बघायचा. कॉर्कची साल कुठल्या वर्षी काढली त्याचा तो शेवटचा आकडा. नऊ वर्षं पुरी व्हायच्या आत जो हात लावतो तो हावरट, तो माणसांनाही तसाच ओरबाडणार. मग विहिरीवर कॉर्कचा पेला टांगलाय का बघायचं. नसेल तर माणसांच्या तहानेची त्याला फिकीर नाही. आणि शेवटी खोडावरून हात फिरवायचा. कुऱ्हाड सालीतून आत गेली की झाडाच्या आतल्या कातडीला घाव बसतो आणि तो व्रण झाड मरेपर्यंत जात नाही. जिथे घाव फार, तिथला मालक घाई करतो, नाहीतर मिळेल त्याच्या हातात कुऱ्हाड देतो. हे सगळं आपल्याला पाढ्यांसारखं पाठ होतं.

अडुसष्टच्या वसंतातला तो रविवार. साल काढायच्या त्या मोसमात आपण पहिल्यांदा स्वतंत्र जोडी म्हणून काम धरणार होतो. काकांना म्हटलं, तुमच्या टोळीत घ्या, तर म्हणाले, ‘बापाच्या सावलीत कुऱ्हाड शिकता येते, चालवता येत नाही.’ ते स्वतः दोन मोसमांपासून नदीपलीकडच्या टोळीत जायचे. सोमवारी पहाटे निघायचे, शनिवारी यायचे. आणि इकडे दोना फेलिस्मिनाने पाववाल्याबरोबर निरोप धाडला होता की फोंतिन्याला एक चांगली जोडी हवी. तू म्हणालास, आधी झाडं बघू. दोन तास चालत गेलो. खिशात ऑलिव्ह, बिया थुंकायची शर्यत, तू जिंकलास. तू नेहमीच जिंकायचास. रान पिवळ्या फुलांनी भरलेलं, आणि आपण दोघं असे छाती काढून चाललेलो, की आपणच ते रान विकत घ्यायला निघालोय. त्या वाटेवर आता डांबर आहे. पण त्या दिवसाइतका हलका मी पुन्हा कधीच चाललो नाही.

आकडे बरोबर निघाले. विहिरीवर पेला होता, धुऊन पालथा टांगलेला. तू म्हणालासही, ‘बाई नेटकी दिसते.’ आणि मग आपण उत्तरेच्या उतारावर आलो. वरच्या अंगाची झाडं आदल्या वर्षीच सोललेली, ताजा सातचा आकडा, खोडं अजून तांबडी. आणि त्यांच्या अंगावर ते घाव. एका झाडावर नाही, दोनावर नाही. पन्नासएक झाडं, प्रत्येकावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर. तू एकेका घावावरून हात फिरवत चाललास. तुझे डोळे भरून आले होते, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज तुलाच सांगतो. ‘काय जनावर आहे रे हा,’ म्हणालास, ‘आणि ही बाई उभी राहून बघत होती?’ काम धरायचं नाही, ठरलं. परत येताना ऑलिव्ह उरले होते, पण शर्यत लावली नाही.

गुत्त्यावर आपण पोचलो तेव्हा काका कोपऱ्यातल्या टेबलावर डोमिनो खेळत होते. मोसम सुरू व्हायचा होता, म्हणून घरीच होते. ठिपके अंगठ्याने चाचपून मग सोंगटी लावायचे, आपल्याला वाटायचं त्यांची ती लकब आहे. तू दारातूनच सुरू झालास. सगळा गुत्ता वळून बघायला लागला. ‘फोंतिन्याला जो कुणी कुऱ्हाड चालवतो ना, त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घ्या आणि चमचा द्या. सूप पितानासुद्धा तोंड चुकेल त्याचं!’ काय हशा पिकला. गुत्तेवाला म्हणाला, ‘आणि बाईच्या हातात काय द्यायचं?’ तू म्हणालास, ‘जपमाळ द्या, पापं मोजायला.’ मीही हसलो. टेबलावर थाप मारून हसलो. आणि तुझे बाबा हातातली सोंगटी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, ‘खरं आहे पोरा. असल्या माणसाने घरी बसावं.’ मग ते उठले आणि भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेले. तुला वाटलं, बापाने शाबासकी दिली. मलाही तसंच वाटलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तुझं नव्हतं रे. तू मनापासून बोललास, म्हणूनच ते पसरलं. महिन्याभरात सात गावांत झालं, की व्हेनान्सियोच्या पोराने स्वतः झाडं बघितलीत, फोंतिन्याला जाऊ नका. पाच-सहा मोसम एकही धड जोडी तिकडे फिरकली नाही. तो मोसम आपण मिळेल तिथे काढला, आणि सैन्याचं बोलावणं यायच्या आत ऑक्टोबरात तू डोंगर ओलांडून फ्रान्सला गेलास. जाताना म्हणालास, ‘इथे ज्याची झाडं धड आहेत असा एक मालक उरला नाही.’ माझे पाय सपाट, सैन्याने मला बघताक्षणी घरी पाठवलं. आणि मी उरलो अर्धी जोडी. डावऱ्या माणसाला उजवा जोडीदार कुठून मिळणार? एकोणसत्तरच्या मे महिन्यात पोटासाठी मी कुठे गेलो, हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. मी फोंतिन्याला गेलो.

दोना फेलिस्मिना दारात वाटाणे सोलत बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, ‘तुझ्या मित्राने माझी झाडं पाहिली म्हणे. अर्धीच पाहिली. चल, उरलेली दाखवते.’ आणि तिने मला सगळं रान हिंडवलं. दक्षिणेचा उतार, ओढ्याकाठ, टेकडीमागचा भाग. एव्हारिस्तो, कुठे ओरखडा नव्हता. मग उत्तरेच्या उताराच्या खालच्या अंगाला नेलं. तिथली झाडं त्या वर्षी सोलायची होती. एका झाडाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. म्हणाली, ‘हा तुझा जोडीदार. काय बघायचं ते बघ आणि बाहेर बोलू नकोस.’ ते तुझे बाबा होते.

पाणी पी हवं तर. मीही जरा थांबतो.

नदीपलीकडची टोळी खोटी होती. त्याच्या दोन वर्षं आधीच तिथून त्यांना हात जोडून घरी पाठवलं होतं. डोळे जात होते त्यांचे. आपल्याला कळलं नाही, कारण त्यांनी कळू दिलं नाही. घरात फक्त तुझ्या आईला माहीत होतं. ते तळहाताने खोड चाचपायचे, कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून कान लावायचे, आणि उभी चीर अशी सरळ पाडायचे की मी थक्क व्हायचो. पण आडवा घाव घालताना किती खोल जायचं हे शेवटी डोळ्यांनाच कळतं. पहिल्याच सकाळी कुऱ्हाड आत गेली. त्यांनी पटकन त्या जागी हात ठेवला. ‘बघितलंस?’ मी म्हटलं, ‘हो काका.’ मग म्हणाले, ‘एव्हारिस्तोला कळलं तर हीच कुऱ्हाड तुझ्या पायावर पडेल. चुकून. माझ्या हातून चुकतं हे तू आता बघितलंच आहेस.’ आणि हसले. मी हसलो नाही. मला गुत्ता आठवत होता.

एकदा दुपारी धीर करून मी बाईला विचारलं, की हे तुम्हाला चालतं कसं? फार कमी बोलायची ती. त्या दिवशी बोलली. ‘माझा नवरा गेला त्या साली मोसम संपत आला होता आणि एक माणूस कामावर येईना. यानेच सगळं रान सोलून दिलं, एका झाडाला खरचटलं नाही. आता उत्तरेचा उतार मी त्याला दिलाय. तिथली साल तशीही हलकीच असते, बिघडली तर बिघडू दे. असल्या माणसाला घरी बसवलं की आठ दिवसांत मरतो. माझ्या बापाचं मी बघितलंय.’ मी म्हटलं, मग गावात सांगा ना, तुमची बदनामी होतेय, माणसं येत नाहीत. तर म्हणाली, ‘सांगितलं तर त्याला उतार दिल्याचा काय उपयोग?’ आणि सूप निववायला लागली.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण तू ते जाणूनबुजून केलं नाहीस. तुझ्या बापाचा हात चुकू शकतो, हे तुझ्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. आभाळ पडेल पण व्हेनान्सियोची कुऱ्हाड आत जाणार नाही, असं तुला वाटायचं. त्यांनाही ते माहीत होतं, आणि तेवढंच त्यांना जपायचं होतं. मी शब्द दिला आणि पाळला. नुसता पाळला नाही, त्याच्या पुढे गेलो. तुझ्या आईला लिहिता येत नव्हतं. तुला बारा वर्षं जी पत्रं आली ती माझ्या हातची. ‘बाबा मजेत आहेत, कुऱ्हाड अजून धारदार आहे.’ ती सांगायची, मी लिहायचो, आणि शेवटी ती विचारायची, ‘नीट लिहिलंस ना रे? संशय नाही ना येणार?’ सत्तरनंतर काकांना काहीच दिसत नव्हतं. बाईने त्यांना नवीन पोरांना शिकवायला ठेवलं. झाडाखाली तिपाईवर बसायचे, डोळे मिटून, आणि कुऱ्हाडीचा आवाज ऐकून ओरडायचे, ‘थांब, गाढवा! आत जातेय!’ त्यांच्या कानाखालून अकरा जोड्या तयार झाल्या. आज या भागात जो कुणी नीट साल काढतो तो त्यांचा. याचा तुला अभिमान वाटला असता, आणि हेच मी तुझ्यापासून लपवून ठेवलं.

एक्याऐंशीत ते गेले. तू आलास, चार दिवस. येईन येईन म्हणत बारा वर्षांनी आलास, आणि त्याचा राग तुला स्वतःवरच होता, हे सगळ्या गावाला दिसत होतं. चर्चमधून पेटी निघाली. दोना फेलिस्मिना काळ्या शालीत आली, पुढे झाली आणि तिने पेटीवर हात ठेवला. तू तो हात धरून बाजूला केलास. ‘माणसांना घाई करायला लावून झाडं जखमी करणाऱ्या हाताने माझ्या बापाला शिवायचं नाही.’ अर्ध्या गावाला खरं माहीत होतं. पण बापाच्या पेटीमागे उभ्या असलेल्या मुलाला कोण काय सांगणार? ती नुसती ‘बरं’ म्हणाली आणि सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. दफनभूमीपर्यंत मागूनच चालत आली. तुझ्या शेजारी, पेटीचा दुसरा कोपरा धरून, मी होतो. एक शब्द पुरला असता. मी मूग गिळून गप्प राहिलो. पाच वर्षांनी ती गेली. तिच्या पेटीलाही मी खांदा दिला, आणि तेव्हा मला माझीच लाज वाटली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की काकांना शब्द दिलाय म्हणून गप्प आहे. ते खोटं आहे, गड्या. त्या रविवारी ओढ्याकाठची झाडं मी बघितली होती. तू लघवीला म्हणून आडोशाला गेलास तेव्हा मी सहज खाली उतरलो होतो. तिथे एकही घाव नव्हता. मला वाटलं, असं कसं? घाव एकाच उतारावर? मग वाटलं, तू व्हेनान्सियोचा मुलगा, तू हुशार, मी कोण तुला शिकवणारा. आणि गुत्त्यावर हशा पिकला तेव्हा तर मजाच आली. तुला खरं सांगितलं असतं तर तू पहिलं हेच विचारलं असतंस, ‘मग तेव्हा का बोलला नाहीस?’ त्या प्रश्नाला मी सगळा जन्म घाबरलो. शितावरून भाताची परीक्षा तू केलीस खरी, पण दुसरं शीत माझ्या हातात होतं.

आता आज हे का लिहितोय ते सांगतो. ऑगस्टमध्ये सोलेनला मी फोंतिन्याला घेऊन गेलो. तिच्या कॉम्प्युटरने सगळं सांगितलं होतं, पण ती म्हणाली, झाडं बघायचीत. सगळं रान पायाखाली घातलं तिने, मी मागून काठी टेकत. शेवटी आम्ही उत्तरेच्या उतारावर आलो. झाडं सोलून तीन वर्षं झालीत, तरी ते जुने व्रण तिला लगेच दिसले. तिने एकावर हात ठेवला आणि मला विचारलं, ‘आजोबा, हे कुणी केलं?’ आणि एव्हारिस्तो, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, मी म्हणालो, ‘असेल कुणीतरी नवशिक्या.’ तुझ्या बापाला, त्याच्याच पणतीसमोर, मी नवशिक्या म्हणालो. तिने मान हलवली. खाली बसून तो व्रण वरपासून खालपर्यंत बोटाने बघितला, बराच वेळ. म्हणाली, ‘नाही आजोबा. ही उभी रेघ बघा किती सरळ आहे. हात फार चांगला होता. त्या माणसाला काहीतरी झालं होतं.’ एवढंच म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे गेली. जे आपल्या दोघांना दिसलं नाही ते पोरीला दिसलं. तिला आता माझ्याकडून आणखी एक खोटं मिळता कामा नये, आणि तुझ्याकडून ‘नाही’ मिळता कामा नये. पत्र मिळाल्याबरोबर तिला फोन कर. तो हात कुणाचा होता ते तूच तिला सांग. मला शिव्या नंतर दे, मी घरीच आहे.

तुझाच, तुझी डावी बाजू,
कुस्तोदियो